बोलवाडीचं लेखाशीर्ष

जुने शहर, अकोला
१८ नोव्हेंबर २०२२

आदरणीय सर, आदाब.

फोन केला की तुम्ही "कोण, लीना का?" असं विचारता आणि मग माझं काही न ऐकता स्वतःच बोलत सुटता, म्हणून हे पत्र. बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या गुरुजींनीच कानाला मशीन लावायला नकार द्यावा, हे आमच्या बोलवाडीच्या अब्रूला शोभत नाही. पण ते भांडण भेटीत करू.

आज शंका घेऊन आले आहे. बी.ए.ला तुम्ही सार्वजनिक वित्त शिकवत होता तेव्हा मी मागच्या बाकावर वहीत मेंदीची नक्षी काढत होते, त्याची शिक्षा आता भोगते आहे. सर, राज्य सरकार शाळेवर, दवाखान्यावर, आमच्यासारख्या कामावर पैसा घालायचं ठरवतं कसं? आणि कुणाला द्यायचा नाही, हे कोण ठरवतं?

बोलवाडी तुम्ही पाहिली आहे. जन्मापासून ऐकू न येणारी, सहा वर्षांच्या आतली मुलं. कानाला यंत्र लावायचं, आईला शेजारी बसवायचं आणि रोज बोलत राहायचं, एवढंच आमचं शास्त्र. पण ते याच वयात व्हायला हवं. नंतर कितीही भारी यंत्र लावलं तरी कानात नुसता गोंगाट येतो, त्याचे शब्द होत नाहीत. मोठ्या बहिऱ्या मुलांसाठी शाळा आहेत. या लहानग्यांसाठी अकोल्यात आमच्याशिवाय दुसरं कुणी हे करत नाही.

आजवर आमचं सगळं अडत्यांच्या धर्मादायावर चाललं. बाजारात तुरीचं, सोयाबीनचं पोतं विकलं गेलं की पोत्यामागे थोडा पैसा धर्मादाय म्हणून बाजूला काढायचा, ही इथली जुनी रीत. अडत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष वाहेदभाई तो दर महिन्याला आम्हाला पोचवतात आणि कधी हिशोब विचारत नाहीत. पण भाव पडले की लोक माल घरात ठेवतात, पोती येत नाहीत आणि आमच्या वच्छलाताईंचं मानधन अडतं. एक बाई सोडून गेल्या. नव्या मुलांना मी दारातूनच परत पाठवते आहे.

गेल्या आठवड्यात एकीला मात्र परत पाठवू शकले नाही. जुईली नाव तिचं, तीन वर्षांची. आई प्रतीक्षा साड्यांना पिको-फॉल करते. तिनं मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, हे हासते, रडते, सारं करते. फक्त मले आई म्हनत नाही." सर, काहीतरी कायमचं करायला हवं. मार्ग सांगा.

आपली,
लुबना


अंबापेठ, अमरावती
२७ नोव्हेंबर २०२२

चि. लुबना,

आशीर्वाद आहेतच, ते तुला लागू पडत नाहीत हा भाग वेगळा. आणि लीना नावाची एकही विद्यार्थिनी मला नव्हती, तेव्हा तो आरोप मागे घे.

तुझी नक्षी मला दिसत होती. पण सेमाडोहच्या जंगलातल्या सहलीत, रात्री शेकोटीपाशी, "वाघाचा पैसा आणि माणसाचा पैसा एकाच खिशातून येतो का, सर?" असं विचारणारीही तूच होतीस. त्या एका प्रश्नावर मी तुला पास केलं.

आता ऐक. राज्याची तिजोरी म्हणजे लग्नघर समज. पहिली पंगत पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाच्या व्याजाची. त्यांना उठवण्याची कुणाची टाप नाही. दुसऱ्या पंगतीला निवडणुकीत दिलेले शब्द बसतात. तिसरीला केंद्राचा वाटा असलेल्या योजना, कारण आपण आपले पैसे घातले नाहीत तर त्यांचेही परत जातात. मग नारळ फोडता येईल अशी कामं. शिक्षण, आरोग्य, पोषण यांतलं जे या चार पंगतींत बसत नाही ते मांडवाबाहेर उभं. यात कुणी दुष्ट नसतो बरं का. वाढणारे दमलेले असतात आणि भांडी रिकामी होत आलेली असतात.

मग पाट मिळतो कुणाला? ज्यांची मतं एकगठ्ठा असतात, ज्यांची संघटना असते, ज्यांच्यासाठी वर्तमानपत्र ओरडतं. तुझी मुलं मत देत नाहीत, त्यांचे आईबाप चार तालुक्यांत विखुरलेले आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपल्याच नशिबी आलं.

पण एक वाट आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक कामाच्या नावाची एक स्वतंत्र ओळ असते, तिला लेखाशीर्ष म्हणतात. ओळ असली की दरवर्षी कुणीतरी कारकून साहेबाला विचारतो, यात किती लिहू? ओळ नसली की कुणी विचारत नाही. आणि एकदा उघडलेली ओळ सहसा बंद होत नाही, हे मी चाळीस वर्षं शिकवत आलो आहे. तेव्हा आपण पैसे मागायचे नाहीत, आपण ओळ मागायची. "शून्य ते सहा वयोगटातील कर्णबधिर बालकांसाठी वाचा केंद्र, अकोला" अशी.

माझा एक विद्यार्थी, शुभंकर, मंत्रालयात कक्ष अधिकारी आहे. त्याला मी लिहितो. तू आमदारांचं पत्र मिळव. धर्मादायावर संस्था चालवणं हे उपकारावर जगणं झालं. ही मुलं नागरिक आहेत, त्यांचा हक्क आहे. तो मागण्यात लाज कसली?

मशीनबद्दल पुन्हा लिहू नकोस.

तुझा,
मोरोपंत


अकोला
९ जानेवारी २०२३

आदरणीय सर,

आमदारसाहेबांना भेटले. माणूस चांगला आहे, चहा पाजला. मुलांचे फोटो पाहिले, जुईलीचा जरा जास्त वेळ पाहिला. मग हळूच विचारलं, "ताई, अशी लेकरं आपल्या मतदारसंघात किती?" मी खरं सांगितलं, दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकीची बाहेरची. ते हसले नाहीत, पण शेजारचा कार्यकर्ता हसला. पत्र मात्र दिलं. "माझ्या आजीलेबी ऐकू येत नव्हतं," म्हणाले. म्हणजे सरकारचं धोरण तुमच्या पंगतींवर चालतं तसं थोडं कुणाच्या आजीवरही चालतं, हे तुमच्या पुस्तकात लिहून ठेवा.

वाहेदभाईंनाही सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, पण ते खूश झाले. "लय बरं होईन बेटी. आमचं काय, आज पोतं हाय, उद्या नाही. सरकारनं हातात घेतलं तं तुमचं भलंच होईन." त्यांच्या आनंदात थोडी सुटका मला दिसली. मी ती मनावर घेतली नाही.

आणि मुख्य बातमी. मंगळवारी वच्छलाताई जुईलीला वाटीतला उपमा भरवत होत्या. चौथ्या घासाला तिनं हात झटकला आणि म्हणाली, "नको." अगदी स्वच्छ. वच्छलाताई वाटी घेऊन तशाच बसल्या. प्रतीक्षानं मुलीला घास भरवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, फक्त तो शब्द पुन्हा ऐकायला, आणि जुईली दर वेळी चिडून "नको, नको" म्हणत गेली. पोरगी उपाशी राहिली त्या दिवशी. आम्ही सगळ्या जणी वेड्यासारख्या हसत होतो.

ओळीचं काही कळलं का?

लुबना


अमरावती
१४ मार्च २०२३

चि. लुबना,

झालं. ओळ आली. शुभंकरनं पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला आहे आणि नातवानं तो मला छापून आणून दिला. सामाजिक सेवांच्या भागात, खालून तिसऱ्या ओळीत, तुझी बोलवाडी सरकारी मराठीत नटून बसली आहे. मी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आहे. गेली चाळीस वर्षं मी हे पुस्तक विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं, त्यात माझ्या हातानं एक ओळ जाईल असं वाटलं नव्हतं. काल मी चक्क पेढे आणले. साखरेचं पथ्य एका दिवसापुरतं सोडलं.

रकमेचं आत्ताच विचारू नकोस. पहिल्या वर्षी ती बेताचीच असते. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, तेव्हा भर पडते. ओळ महत्त्वाची.

एक कर. आमदारांचा जाहीर सत्कार घडवून आण. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. ज्या राजकारण्याचा एखाद्या कामासाठी सत्कार होतो त्याला ते काम पुढच्या वर्षी विसरता येत नाही. अडत्यांच्या मंडळालाच यजमान कर, म्हणजे गावाचाही शिक्का बसेल. मी स्वतः येईन आणि बोलेन.

तुझा आनंदी,
मोरोपंत


अकोला
३ एप्रिल २०२३

आदरणीय सर,

घरी नीट पोचलात ना? बसस्टँडवर माझा भाऊ शाकीब तुम्हाला हात करत होता, तुम्ही वळून पाहिलं नाहीत असं म्हणाला.

सत्कार छान झाला असं सगळे म्हणतात. रोजे चालू असल्यामुळे अर्ध्या लोकांनी चहाला हात लावला नाही, एवढंच. तुमच्या भाषणाची अजून बाजारात चर्चा आहे. "आजपासून या बालकांची जबाबदारी शासनानं स्वीकारली आहे," हे तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणालात की माईकवाल्यानं घाबरून आवाज कमी केला. वाहेदभाईंच्या डोळ्यात पाणी होतं. जुईलीनं आमदारांना हार घालायचा होता, पण ऐन वेळी ती "नको" म्हणाली आणि सभा हसली.

तुम्ही निघाल्यावर तिथेच मंडळाची बैठक झाली. या महिन्यापासून धर्मादाय बोलवाडीला न देता बाजाराच्या तोंडाशी कमान आणि थंड पाण्याची सोय करायची, असं ठरलं. कमानीचा दगडही ठरला. मी वाहेदभाईंना म्हटलं, भाई, सरकारचे पैसे अजून आले नाहीत, थोडे महिने थांबा. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "बेटी, आता तू सरकारी झाली. मास्तरांनी चार लोकांत सांगतलं. धर्मादाय ज्याले कोनी नाही त्याच्यासाठी असते. तुह्या मांगं आता सरकार उभं हाय, तुले कायले? लोकं मले विचारतीन, सरकारी संस्थेत धर्मादाय काहून टाकून राहिले मनून."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. रीत तशीच आहे. जकातीचं दान देतानाही आम्ही आधी हेच बघतो की समोरच्याचा दुसरा आधार आहे का.

तर आता सगळं तुमच्या ओळीवर आहे. एप्रिल-मे मी माझ्या बचतीतून काढेन. जूनपर्यंत येतील ना?

लुबना


अमरावती
१९ जुलै २०२३

चि. लुबना,

तुझी दोन पत्रं आली, उत्तराला उशीर झाला. मोतीबिंदूचं निमित्त आहे, खरं कारण आळस.

धीर धर. सरकारी पैशाला चार जिने चढावे लागतात. आधी प्रशासकीय मान्यता, मग वित्त विभागाची संमती, मग वितरणाचा आदेश, मग जिल्ह्याचं कार्यालय. पुरवणी मागण्यांत या वेळी आपलं नाव नाही, पण डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात येईल. शुभंकरवर माझा भरवसा आहे, तो पहिल्या बाकावरचा मुलगा.

वाहेदभाईंना सांग की थोडे दिवस सांभाळून घ्या. कमान काय, पुढच्या वर्षीही होईल.

जुईली आता काय काय बोलते ते कळव. सौभाग्यवतींना तिचं फार कौतुक आहे.

मोरोपंत


अकोला
२२ ऑक्टोबर २०२३

सर,

शाकीब दुकानाच्या मालासाठी मुंबईला गेला होता. मी त्याला शुभंकरसाहेबांना भेटून यायला सांगितलं. त्यांनी त्याला आत बसवलं, नीट बोलले. म्हणाले, "मोरोपंत सरांना मी फोटोसोबतच कळवलं होतं, ही फक्त टोकन तरतूद आहे." शाकीबला शब्द कळला नाही, त्यानं अर्थ विचारला. पुस्तकातले आकडे हजारात असतात आणि आपल्या ओळीपुढे एक हा आकडा आहे. एक हजार रुपये. ओळ उघडी राहावी म्हणून ठेवलेले. खर्च करण्यासाठी नाहीतच. यंत्राच्या बॅटऱ्यासुद्धा त्यात वर्षभर येत नाहीत.

ते असंही म्हणाले की पुढचं वर्ष निवडणुकांचं आहे. जे काही शिल्लक निघेल ते लोकांच्या थेट हातात पडेल अशाच कामांना जाईल. बोलवाडी कुणाच्या खात्यात जमा करता येत नाही.

सर, मला एकच सांगा. मार्चमध्ये तो कागद काचेखाली ठेवला तेव्हा तुम्हाला तो आकडा दिसला होता का?

वच्छलाताई ऑगस्टपासून फुकट येत होत्या, आता त्यांच्या मुलानं बंद करायला लावलं. मी एकटी आहे. जुईली जवळपास चार वर्षांची झाली. छोटी वाक्यं जोडायला लागली होती. "पाणी दे", "आई ये". दिवाळीनंतर प्रतीक्षाला यंत्राचा साचा बदलायचा आहे, कान मोठा झाला की साचा बदलावा लागतो, नाहीतर यंत्र शिट्टी मारतं आणि मूल ते काढून फेकतं. ते पैसे आम्ही देत होतो. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

लुबना


अमरावती
५ नोव्हेंबर २०२३

चि. लुबना,

होय. दिसला होता.

तुझ्यापासून लपवलं, कारण मला त्या आकड्याची लाज वाटत नव्हती, उलट मी त्याला विजय समजत होतो. टोकन ही पहिली पायरी असते असं माझ्या टिपणांत लिहिलं आहे आणि मी माझ्या टिपणांवर विश्वास ठेवला. तुला आकडा सांगितला असता तर तू सत्कार केला नसतास. मला तो सत्कार हवा होता. आणखी खरं सांगायचं तर मला ते भाषण करायचं होतं.

परवा अकोल्याला येऊन गेलो, तुला कळवलं नाही. वाहेदभाईंच्या अडतीवर गेलो. त्यांनी मला गादीवर बसवलं, उसाचा रस मागवला. मी म्हटलं, माझी चूक झाली, सरकारनं काही दिलेलं नाही, धर्मादाय पुन्हा सुरू करा. त्यांनी रसाचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मास्तर, तुमीच तं माईकवर सांगतलं व्हतं. आता मी मंडळात काय सांगू? कमानीचं काम अर्धं झालं, तिच्यावर आमदारसायबाचं नाव कोरलं. अन् थे पैसे आता एकट्या माह्या हातात नाहीत." मी त्यांना पुस्तकातला तो आकडा दाखवला. त्यांना तो पटेना. सरकार एवढं मोठं, एक हजार कशाला लिहील, असं त्यांना खरंच वाटतं. मी खोटं बोलून काही वेगळंच साधतो आहे अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसली. मोठ्यानं बोलायला लागलं की कान गेलेला माणूस खोटारडा वाटतो.

निवृत्तिवेतनातून मी दरमहा काही पाठवीन. वच्छलाताईंना पुन्हा बोलाव. नाही म्हणू नकोस.

मोरोपंत


अकोला
३० डिसेंबर २०२३

आदरणीय सर,

तुमचे दोन महिन्यांचे पैसे मिळाले, ते यंत्रांच्या दुरुस्तीला लावले. पुढचे पाठवू नका. तुमच्या औषधांचं मला माहीत आहे, आणि एका माणसाच्या पेन्शनवर बोलवाडी चालत नाही हे तुम्हाला.

बोलवाडी काल बंद केली. यंत्रं ज्या-त्या आईकडे दिली. बॅटरी कशी बदलायची, साचा कसा धुवायचा, घरात रोज काय बोलायचं, ते समजावून सांगितलं. सगळ्या जणी मान हलवत होत्या. प्रतीक्षा दिवसभर शिलाई मशीनवर असते, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. ती बोलणार कधी?

जुईलीनं जाताना मला हाक मारली. मी आत होते, बाहेर आले नाही.

लुबना


अमरावती
४ जुलै २०२४

चि. लुबना,

सहा महिने तुझं पत्र नाही. तुझा राग मला मान्य आहे, तरी हे लिहितो, कारण तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

या वर्षीचा अर्थसंकल्प आला. पुस्तकात आपली ओळ नाही. मी तीनदा पाहिलं, नातवाला पाहायला लावलं. मग शुभंकरला पत्र टाकलं. त्याचं उत्तर सभ्य आहे. गेल्या वर्षी या शीर्षाखाली खर्च निरंक होता, त्यामुळे मागणी नाही असं गृहीत धरून ते बंद केलं. नियमच तसा आहे, त्यात त्याचा दोष नाही.

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की सरकारचा खर्च गरजेवरून ठरतो, मतांवरून ठरतो, महसुलावरून ठरतो, आणि प्रत्येकाला दहा-दहा गुणांचा प्रश्न घातला. गेल्या वर्षी किती खर्च झाला यावरून ठरतो, हेही शिकवलं होतं, पण ते मी तळटीप म्हणून सांगत असे. आता सरकारच्या दफ्तरी असं नोंदलं गेलं आहे की अकोल्यात अशा मुलांची मागणी नाही. पुढे कुणी अशी ओळ मागायला गेलं तर हीच नोंद त्याच्यापुढे ठेवतील. तुझ्या मुलांना मिळालं नाही ते नाहीच, मागून येणाऱ्यांची वाटही मी बुजवली.

मला फार वाईट वाटतं, लुबना. याच्यावर काय करावं ते मला सुचत नाही आणि सुचलं तरी आता मी कुणाला सांगणार नाही.

काचेखालचा कागद काढला.

जुईलीचं काही कळलं तर कळव. एका ओळीचं असलं तरी चालेल.

मोरोपंत


अकोला
१६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय सर, आदाब.

तुमच्या घरच्या बाई वारल्याचं शाकीबकडून परवा कळलं. मला आधी कळायला हवं होतं, मी तुमच्याकडे आले असते. इतके दिवस लिहिलं नाही, त्यात राग फार थोडा होता. लिहिण्यासारखं काही नव्हतं. बसले की पहिल्या ओळीला अडायचे.

मी आता मोर्णा नदीच्या पलीकडे एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवते. पगार वेळेवर होतो. बोलवाडीची खोली मालकानं कापूस ठेवायला दिली आहे. कमान झाली, चांगली आहे, तिच्या सावलीत हमाल दुपारी बसतात. वाहेदभाई भेटले की लांबूनच हात कपाळाला लावतात आणि सरकारची मदत नीट मिळून राहिली का, विचारतात. मी हो म्हणते. त्यांचं वय झालं आहे.

तुम्ही जुईलीचं विचारलं होतं, दीड वर्षापूर्वी.

गेल्या रविवारी जुन्या शहरातल्या बाजारात प्रतीक्षा भेटली. जुईली तिच्या बोटाला धरून होती. सहा वर्षांची झाली, उंच दिसते. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिनं पाहिलं आणि आईच्या मागे गेली. ओळखलं नाही. कानात यंत्र नव्हतं. साचा लहान झाला, शिट्टी वाजायची, शेजारीपाजारी चिडवायचे, म्हणून प्रतीक्षानं ते कपाटात ठेवून दिलं आहे. मी विचारलं, बोलते का? तर म्हणाली, "आता काई मागत नाही, मॅडम. हातानंच दाखवते."

साध्या शाळेत पहिलीला घातली आहे. प्रतीक्षा मात्र खूश होती. पिशवीतून मोबाईल काढून तिनं मला फोटो दाखवला. स्नेहसंमेलनात जुईलीला बक्षीस मिळालं, वर्गातली सर्वात शिस्तीची मुलगी म्हणून. स्टेजवर उभी आहे, हातात प्रमाणपत्र, केसांना रिबिनी. मी अभिनंदन म्हटलं. प्रतीक्षानं फोटो मोठा करून पुन्हा माझ्यापुढे धरला.

"बाई सांगत व्हत्या, मांगं पोट्टे कितीबी कल्ला करोत, हे पोट्टी एक डाव मान फिरवून पाहत नाही."

आपली,
लुबना